‘रिडीम’ म्हटलं की पैसे मिळतात? वॉरंटची गोष्ट नीट समजून घेऊ

ज्यांना हेडफोन लावणं जमत नाही, ऑफिसात किंवा लोकलच्या गर्दीत वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझं खोकणं काढून टाकलंय.

सुरुवात एका चार डॉलरच्या गोष्टीने करतो.

माझा एक मित्र अमेरिकेत नोकरी करतो. २०२१ मध्ये त्याने तिकडच्या एका कंपनीची ४०० वॉरंट घेतली. एकेक पावणेदोन डॉलरला, म्हणजे एकूण ७०० डॉलर घातले. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. पुढे त्या कंपनीचा शेअर वाढत वाढत २० डॉलरला गेला. वॉरंटमुळे त्याला तोच शेअर साडेअकरा डॉलरला घेता येणार होता. म्हणजे एका वॉरंटमागे साडेआठ डॉलरचा फायदा आणि ४०० वॉरंटचे ३,४०० डॉलर. तेव्हाच्या दराने अडीच लाख रुपयांच्या आसपास.

मग ब्रोकरकडून ईमेल आला. विषय होता, तुमची वॉरंट कंपनी रिडीम करत आहे. याने वाचलं आणि खूश झाला. मला म्हणाला, “अरे, कंपनी रिडीम करतेय म्हणजे पैसे आपोआप खात्यात येतील. म्युच्युअल फंडासारखं.” आणि तो स्वस्थ बसला.

महिन्याभराने पैसे आले. चार डॉलर. चारशे नव्हे, चार. एका वॉरंटला एक सेंट.

त्याला वाटलं ब्रोकरची काहीतरी गडबड झाली. गडबड काहीच नव्हती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं आणि तो नियम पहिल्या दिवसापासून कागदावर लिहिलेला होता. फक्त ‘रिडीम’ या शब्दाचा अर्थ आपल्या डोक्यात वेगळा होता आणि त्या कागदात वेगळा. म्हणून आजचा भाग वॉरंटवर: ती काय असतात, कंपनी ती परत कधी मागते आणि तेव्हा आपल्या हातात काय उरतं.

आधी एक खुलासा. वॉरंट म्हटलं की आपल्याला पोलीस आठवतात. इथे तसं काही नाही. शेअरबाजारातलं वॉरंट म्हणजे कंपनीने स्वतः दिलेली एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की अमुक तारखेपर्यंत, अमुक ठरलेल्या किमतीला तुम्ही आमचा एक शेअर घेऊ शकता. घ्यायलाच हवा असं नाही. हक्क आहे, सक्ती नाही.

आता आपण रत्नागिरीला जाऊ. समजा, एका बागायतदाराने तुम्हाला चिठ्ठी दिली की हापूसची पेटी तुम्हाला ११५० रुपयांना मिळेल, बाजारात भाव काहीही असो. आज बाजारात पेटी १००० ला आहे. मग आज चिठ्ठी वापरण्यात अर्थ नाही, बाजारातूनच घ्याल ना! पण पीक कमी आलं आणि पेटी १८०० झाली, तर तुमच्या चिठ्ठीची किंमत ६५० रुपये. कुणीही तेवढे पैसे देऊन ती तुमच्याकडून घेईल.

वॉरंट म्हणजे हेच. ठरलेल्या किमतीला म्हणतात एक्सरसाइज प्राइस आणि चिठ्ठी वापरून शेअर घेणं म्हणजे वॉरंट एक्सरसाइज करणं.

तुमच्यातले जे ऑप्शन खेळतात ते म्हणतील, हा तर कॉल ऑप्शन झाला. बरोबर, भाऊबंदच आहेत दोघं. पण दोन मोठे फरक आहेत. एक, ऑप्शनचा सौदा तुमच्यात आणि बाजारातल्या दुसऱ्या कुणात तरी असतो, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. वॉरंट कंपनी देते. तुम्ही ते वापरलंत की कंपनी नवा शेअर छापते आणि तुमचे पैसे कंपनीच्या तिजोरीत जातात. नवे शेअर आले की जुन्या भागधारकांचा वाटा थोडा पातळ होतो. भाकरी तेवढीच, तुकडे जास्त. दुसरा फरक म्हणजे अमेरिकेत फायद्यात असलेला ऑप्शन शेवटच्या दिवशी सहसा आपोआप वापरला जातो. वॉरंटच्या बाबतीत तसं गृहीत धरू नका. तुम्ही ब्रोकरला स्वतःहून सांगावं लागतं. माझा मित्र नेमका इथेच अडकला.

आता ही वॉरंट सामान्य माणसाच्या हातात येतात कुठून? अमेरिकेत २०२० आणि २०२१ मध्ये स्पॅक नावाचा प्रकार जोरात होता. स्पॅक म्हणजे रिकामी कंपनी. ती आधी लोकांकडून पैसे गोळा करते आणि मग एखादी खरी कंपनी शोधून तिच्यात विलीन होते. लोकांना दहा डॉलरला एक युनिट मिळतं. त्यात एक शेअर आणि सोबत वॉरंटचा एक भाग, कधी अर्धं, कधी एक तृतीयांश, कधी त्याहून कमी. एवढा वेळ पैसे अडकवून ठेवल्याबद्दल दिलेलं ते बक्षीस. पुढे शेअर आणि वॉरंट वेगळे होऊन बाजारात स्वतंत्र विकले जातात.

या वॉरंटच्या अटी जवळपास साचेबद्ध असतात. एक्सरसाइज प्राइस ११.५० डॉलर. मुदत विलीनीकरणानंतर पाच वर्षं. आणि मग येतं ते कलम, जे कुणी वाचत नाही.

कलम साधारण असं असतं: शेअरचा भाव ३० व्यवहार-दिवसांपैकी २० दिवस १८ डॉलर किंवा त्याहून वर राहिला, तर कंपनी किमान ३० दिवसांची नोटीस देऊन सगळी वॉरंट एका सेंटला परत घेऊ शकते.

पुन्हा आंब्याकडे या. बागायतदाराने चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, “महिन्यातले वीस दिवस पेटीचा भाव १८०० च्या वर राहिला, तर मी तुम्हाला निरोप पाठवीन. निरोप आल्यापासून तीस दिवसांत ११५० रुपये आणा आणि पेटी घेऊन जा. नाही आलात, तर एक रुपया देऊन चिठ्ठी रद्द करीन.”

आता सांगा, हे रिडीम करणं म्हणजे तुम्हाला पैसे देणं आहे का? मुळीच नाही. तो एक रुपया तुम्ही घ्यावा म्हणून ठेवलेलाच नाही. तो ठेवलाय तुम्ही हलावं म्हणून. म्हणजे ही नोटीस पैसे परत करण्याची नसून घाई करण्याची आहे. कंपनी म्हणतेय, आता ठरवा, नाहीतर हक्क गेला.

कूपन रिडीम केलं की फायदा होतो. फंड रिडीम केला की पैसे मिळतात. दोन्ही ठिकाणी रिडीम करणारे आपण असतो. इथे रिडीम करणारी कंपनी असते. एवढा एक कर्ता बदलला की अख्खा अर्थ उलटा होतो.

मग कंपनीला एवढी घाई कशाची? तीन कारणं आहेत.

पहिलं, पैसा. समजा, एक कोटी वॉरंट बाहेर आहेत. सगळी वापरली गेली तर कंपनीकडे साडेअकरा कोटी डॉलर येतात, तेही कर्ज न काढता. शेअर वर असताना हे पैसे गोळा करणं शहाणपणाचं, कारण उद्या भाव पडला तर कुणी येणार नाही.

दुसरं, डोक्यावरचं ओझं. बाहेर लाखो वॉरंट पडून असली की नवा गुंतवणूकदार विचारतो, उद्या किती नवे शेअर येणार? ते एकदाचं संपवलं की हिशोब स्वच्छ होतो.

तिसरं, वेळ. पाच वर्षं थांबण्याचा हक्क तुमच्याकडे असणं ही कंपनीच्या दृष्टीने दिलेली सवलत आहे. शेअर चांगला वर गेला की ती सवलत काढून घ्यायची मुभा तिने आधीच लिहून ठेवलेली असते.

हे किती झटपट होऊ शकतं त्याचं खरं उदाहरण घ्या. ड्राफ्टकिंग्ज ही अमेरिकेतली खेळांवरच्या बेटिंगची कंपनी. ती एप्रिल २०२० मध्ये डायमंड ईगल नावाच्या स्पॅकमध्ये विलीन होऊन बाजारात आली. शेअर १८ डॉलरच्या वरच होता. जूनमध्ये नोटीस निघाली आणि जुलैच्या सुरुवातीला मुदत संपली. कागदावर पाच वर्षांचा हक्क, प्रत्यक्षात अडीच महिन्यांच्या आत खेळ संपला.

दुसरं उदाहरण व्हर्जिन गॅलॅक्टिक, रिचर्ड ब्रॅन्सन यांची अंतराळ प्रवासाची कंपनी. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये स्पॅकमार्फतच बाजारात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचा शेअर ३५ डॉलरच्या वर गेला होता. भावाची अट पूर्ण झाली आणि मार्चमध्ये कंपनीने वॉरंट रिडीम करण्याची घोषणा केली. पण मार्च २०२० म्हणजे काय, ते तुम्हाला आठवतंय. कोविडच्या भीतीने जगभरचे बाजार कोसळत होते आणि हा शेअरही शिखरापासून निम्म्याच्या खाली आला होता. म्हणजे अट मोजली मागच्या भावावर आणि निर्णय घ्यायचा आजच्या भावावर. नोटिशीच्या काळात शेअर कुठेही जाऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे ज्याचे पैसे जातात त्याला ती गंमत वाटत नाही. शेअर वर जातो आणि वॉरंट खाली येतं, असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. समजा, शेअर १७ डॉलरला आहे. वॉरंटचं सरळ मूल्य साडेपाच. पण लोक म्हणतात, अजून चार वर्षं बाकी आहेत, शेअर ३० ला जाईल. म्हणून ते वॉरंटला साडेसात डॉलर देतात. वरचे दोन डॉलर कशाचे? वेळेचे. मग शेअर साडेअठराला जातो, अट पूर्ण होते आणि नोटीस येते. आता चार वर्षं राहिली नाहीत, तीस दिवस राहिले. वॉरंटची किंमत साडेअठरा वजा साडेअकरा, म्हणजे सात. शेअर दीड डॉलरने वर, वॉरंट अर्ध्या डॉलरने खाली. तुमचा अंदाज बरोबर होता आणि तरी तोटा झाला, कारण तुम्ही जो वेळ विकत घेतला होता, तो परत काढून घ्यायचा हक्क दुसऱ्याकडे होता.

म्हणून शेअर १८ च्या आसपास असताना ‘अजून चार वर्षं आहेत’ असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा, कुणाच्या हातात आहेत?

बरं, नोटीस आली. आता तुमच्यापुढे रस्ते किती? तीन चांगले आणि एक वाईट.

पहिला रस्ता, रोख पैसे भरून शेअर घेणं. माझ्या मित्राला ४०० गुणिले साडेअकरा, म्हणजे ४,६०० डॉलर भरावे लागले असते. हाताशी एवढी रक्कम प्रत्येकाकडे असते असं नाही. म्हणूनच दुसरा रस्ता, वॉरंट बाजारात विकून टाकणं. मुदतीच्या आधी ती शेअरसारखीच विकता येतात. काहीच जमत नसेल तर हा रस्ता सगळ्यात सोपा. मित्राने फोनवर दोनदा बोट टेकवलं असतं, तरी तीन हजारांच्या वर पदरात पडले असते.

तिसरा रस्ता, कॅशलेस एक्सरसाइज. हा कंपनीने परवानगी दिली तरच असतो. यात तुम्ही पैसे भरत नाही. जेवढा फायदा आहे तेवढ्या किमतीचे शेअर मिळतात. उदाहरणार्थ, १०० वॉरंट आणि शेअर १८ ला. फायदा साडेसहा गुणिले १००, म्हणजे ६५० डॉलर. भागिले १८. झाले ३६ शेअर. खिशातून एक दमडी न देता.

हे फक्त छोट्यांसाठी नाही. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००८ च्या संकटात गोल्डमन सॅक्समध्ये ५ अब्ज डॉलर घातले, तेव्हा सोबत ४ कोटी ३५ लाख शेअरची वॉरंट मिळाली, ११५ डॉलरच्या भावाने. सगळी वापरायची तर आणखी ५ अब्ज मोजावे लागले असते. २०१३ मध्ये दोघांनी ठरवलं की पैसे न भरता फक्त फायद्याएवढे शेअर घ्यायचे. बर्कशायरला सुमारे १ कोटी ३१ लाख शेअर मिळाले. गणित तेच, आकडे मोठे.

आणि चौथा, वाईट रस्ता म्हणजे काहीच न करणं. त्याची किंमत एक सेंट.

एक छोटी सूचना. काही वॉरंटमध्ये दुसरंही एक कलम असतं. शेअर १८ नव्हे, १० डॉलरच्या वर असला तरी कंपनी १० सेंटला रिडीम करू शकते. पण तेव्हा धारकांना एका तक्त्याप्रमाणे कॅशलेस शेअर घेता येतात. एका वॉरंटला जास्तीत जास्त ०.३६१ शेअर अशी मर्यादा सर्रास दिसते. मघाशी शंभराला ३६ आले होते, आठवलं? तोच आकडा. म्हणून फक्त १८ वर डोळा ठेवून चालत नाही, तुमच्या कागदात १० चं कलम आहे का तेही बघावं लागतं.

आणखी एक. रिडीम करणं हा कंपनीचा हक्क आहे, बंधन नाही. अट पूर्ण झाली तरी ती थांबू शकते. आणि स्पॅक उभी करणाऱ्या प्रवर्तकांकडची वॉरंट त्यांच्या हातात असेपर्यंत १८ डॉलरच्या कलमातून बहुतेक वेळा वगळलेली असतात. घाई तुम्हाला, त्यांना नाही. अन्याय वाटतो? वाटू दे. पण तेही लिहिलेलंच असतं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर वाटेल की वॉरंट घेतली की शेअर १८ ला जातोच. स्पॅकमधून आलेल्या अनेक कंपन्यांचे शेअर १० डॉलरच्याही खाली गेले. तिथे नोटीस येत नाही, कारण कंपनीला गरजच नाही. वॉरंट नुसती वितळत जातात आणि मुदत संपली की शून्य. आपल्या ओळखीचं नाव घ्यायचं तर आपल्याकडची रिन्यू ही सौर आणि पवनऊर्जेची कंपनी ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच मार्गाने अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली. भारतीय कंपनी आहे म्हणून अटी भारतीय नसतात. कागद तिकडचाच असतो.

मग भारतात वॉरंट नाहीत का? आहेत, पण चेहरा वेगळा आहे. तुम्ही बातमी वाचता, “कंपनी प्रवर्तकांना वॉरंट देऊन ४०० कोटी उभारणार.” आणि ग्रुपवर लगेच रॉकेटचे इमोजी. थांबा जरा. सेबीच्या नियमाप्रमाणे अशा प्रेफरन्शियल वॉरंटमध्ये वाटपाच्या वेळी किमान २५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली रक्कम वॉरंटचं शेअरमध्ये रूपांतर करताना, जास्तीत जास्त १८ महिन्यांत. म्हणजे ४०० कोटींच्या बातमीत आज हातात १०० कोटीच असू शकतात.

याला आपल्याकडे उत्तम शब्द आहे: इसार. जमिनीचा व्यवहार ठरला की इसार देतो, बाकी खरेदीखताच्या वेळी. मन बदललं तर इसार बुडतो. वॉरंटचंही तसंच, १८ महिन्यांत उरलेले पैसे भरले नाहीत तर भरलेले २५ टक्के जप्त.

पुण्याचं उदाहरण बघा. २०२३ मध्ये बजाज फायनान्सने आपली प्रवर्तक कंपनी बजाज फिनसर्व्हला साडेपंधरा लाख वॉरंट दिली, प्रत्येकी ७,६७० रुपये भावाने. एकूण रक्कम ११८८ कोटींच्या वर. पण सुरुवातीला भरायचे ते त्याचे पाव, म्हणजे सुमारे २९७ कोटी. मोठ्या कंपनीत उरलेले पैसे येतील हा विश्वास असतो. एखाद्या छोट्या, नाव न ऐकलेल्या कंपनीत मात्र बातमीचा आकडा आणि बँकेतला आकडा यांत फरक करायला शिका.

तर मग, हातात वॉरंट असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर काय करायचं?

अमेरिकी कंपनी असेल तर तिथल्या नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर वॉरंट अॅग्रीमेंट फुकट वाचायला मिळतं. सगळं वाचू नका, झोप येईल. त्यात ‘रिडम्प्शन’ हा शब्द शोधा आणि ती दोन-तीन पानं वाचा. किती भावाला, किती दिवसांनी, किती सेंटला, हे तिथेच असतं.

ब्रोकरला आधीच विचारून ठेवा की वॉरंट एक्सरसाइज करायची सोय तुमच्याकडे आहे का आणि तुमची शेवटची तारीख कोणती. ब्रोकरची मुदत कंपनीच्या मुदतीच्या काही दिवस आधी संपते. नोटिशीत बऱ्याचदा न्यूयॉर्कची संध्याकाळी पाचची वेळ दिलेली असते. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका.

आणि ईमेलच्या प्रमोशन्सच्या टॅबमध्ये आठवड्यातून एकदा डोकवा. साड्यांच्या सेलच्या खाली तुमचे अडीच लाख पडलेले असू शकतात.

मित्राला परवा विचारलं, हा किस्सा सांगू का सगळ्यांना? म्हणाला, “सांग. फक्त माझं नाव नको. आणि हे पण सांग की मी ईमेल वाचला होता. न वाचता गेले असते तर एवढं लागलं नसतं. मी वाचला आणि मला वाटलं, समजलं.”

आजचा भाग त्या एका वाक्यासाठी केला. ओळखीचा शब्द दिसला की आपण पुढचं वाचायचं थांबवतो. पैशाच्या कागदात ओळखीच्या शब्दापाशीच जास्त थांबायचं.

प्रश्न असतील तर पाठवा, निवडक प्रश्नांवर पुढच्या भागात बोलू. आणि हो, मी कुठलंही वॉरंट घ्या किंवा विका असं सांगत नाहीये. फक्त चिठ्ठीची मागची बाजू वाचा, एवढंच सांगतोय.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.